पाह्यासारखं काईच नाई

जानराव गावंडेंना एखादं गाव आवडलं, असं कुणी कधी ऐकलं नाही. अकोला डेपोत एस.टी.चे कंडक्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. वऱ्हाडातला रस्ता न् रस्ता त्यांच्या पायाखालून गेला, पण गाव पाहायचं ते गाडीच्या खिडकीतून आणि उतरायचं ते फक्त स्टँडवर. तेवढ्या ऐवजावर त्यांनी प्रत्येक गावाचा निकाल लावून टाकला होता. मूर्तिजापूर हे चहा पिऊन विसरायचं गाव. अचलपुरात वेशी मोठमोठ्या, पण आत शिरायला कारण नाही. चांदूर रेल्वेची माणसं गाडी चुकल्यासारखं तोंड करून फिरतात. पुढे पोरगी त्याच गावात दिली, तरी त्यांनी हे वाक्य मागं घेतलं नाही. अमरावती म्हणजे अकोलाच, फक्त तोंडाला पावडर लावलेलं. आपल्या जन्मगावालाही, हिवरखेडलाही, त्यांनी सोडलं नव्हतं. तिथल्या माणसांविषयी ते जे बोलत ते हिवरखेडच्या माणसांनी ऐकलं असतं तर जानरावांना तिथं पाणी मिळालं नसतं.

रिटायर झाल्यावर अकोल्यातच, कौलखेडला, नत्थुजीच्या चहाच्या टपरीवर त्यांची बैठक असे. कुणी तिरुपतीहून आला, कुणी पोराकडे बंगलोरला राहून आला, की तो बिचारा आधी जानरावांच्या तावडीत सापडे. तो उत्साहानं सांगायला लागला की जानराव चहाची बशी तोंडापाशी धरून ऐकत, आणि बशी खाली ठेवून एकच वाक्य बोलत, "पाह्यासारखं काईच नाई." बाकड्यावरची माणसं हसत. आलेला माणूसही कसंनुसं हसे आणि पुढचं सांगायचं राहून जाई. दुसऱ्याच्या आनंदाला असं बसल्या जागी टाचणी लावता येणं ही जानरावांना मोठी हुशारी वाटे. ज्याला काही आवडतं तो त्यांच्या लेखी थोडा बावळटच असे.

या हुशारीचा पहिला श्रोता म्हणजे त्यांची बायको, पार्वताबाई.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते. शेजारची एक बाई नवऱ्यासोबत चिखलदऱ्याला जाऊन आली होती आणि फोटो दाखवत होती. पार्वताबाई तेव्हा तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या. डोंगर त्यांनी फक्त लांबून, आभाळाच्या कडेला निळ्या रेघेसारखा पाहिलेला. चारचौघांत त्या बोलून गेल्या, "आपण बी जाऊ न एकडाव."

जानराव म्हणाले, "दरी म्हंजे काय? देवाले बुजवाचा राहून गेलेला खड्डा. तो पाह्याले जायचं? मी शंभरदा गेलो तिथं डुटीवर. पाह्यासारखं काईच नाई."

सगळे हसले. पार्वताबाई सगळ्यांत जास्त हसल्या. आपला नवरा एवढा बोलका आहे याचा त्यांना त्या वयात अभिमान होता.

पुढे पोरं, हर्षा आणि पियुष, लहान असताना त्यांनी अमरावतीच्या बागेचं नाव काढलं. जानराव म्हणाले, "ज्या झाडाले ना फळ ना सरपण, त्याले तारेचं कुंपण घालाचं अन् आत दोन बाकडे ठेवाचे, का झाली बाग." त्या वेळी पार्वताबाई थोड्या हसल्या. नंतर एकदा त्यांनी काही विचारलं तेव्हा नुसत्या ओठांनी हसल्या. मग त्यांनी विचारणंच सोडलं. बायकोला आपलं म्हणणं पटलं, असा जानरावांनी त्याचा अर्थ लावला. आपलं म्हणणं लोकांना पटतं, असा त्यांचा आयुष्यभराचा समज होता.

पोरगी सासरी गेली, पोरगा नोकरीला पुण्याला गेला, घरात दोघंच उरली. आणि मागच्या गल्लीत गजालाबाजी राहायला आल्या.

गजालाबाजी उर्दू शाळेतून हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या. नवरा गेल्यावर घरात बसून राहण्याऐवजी त्यांनी एक उद्योग काढला. ज्या बायकांना घरच्यांनी कधी कुठं नेलं नाही अशा बायका गोळा करायच्या आणि त्यांना फिरवून आणायचं. त्यांचा भाचा शाकीब याची टेम्पो ट्रॅव्हलर होती. त्यामुळे गाडी घरची, ड्रायव्हर घरचा. जानराव या मंडळाला 'बिनकामाच्या बायकांची फेरी' म्हणत. नत्थुजीच्या टपरीवर हे वाक्य चांगलं चाललं होतं.

हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी पार्वताबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "शनिवारी मी अमरावतीले जाऊन राहिली. गजालाबाजीसंगं. बागा पाहू अन् दुसऱ्या दिवशी चिखलदरा."

जानरावांनी वाट पाहिली. विचारण्याचा सूर त्यात कुठं आहे ते त्यांना सापडेना.

"मले विचारलं?"

"सांगतलं न आता."

"अन् माह्या जेवणाचं?"

"हर्षाकडे जा. नाईतं नत्थुजीकडे मिसळ भेटते."

शुक्रवारी त्या मंडळातली एक बाई तापानं पडली आणि सीट रिकामी झाली. गजालाबाजी फाटकाशी येऊन म्हणाल्या, "जानरावभाऊ, तुमी येता का? बायकांत बसावं लागंल."

जानराव हो म्हणाले, याचं पार्वताबाईंनाही नवल वाटलं. कारण सरळ होतं. एवढ्या बायका दोन दिवस फिरतील, सगळ्याला छान छान म्हणतील, आणि यात काही नाही हे सांगणारं सोबत कुणीच नसेल, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

शनिवारी सकाळी ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले. ती जागा आपलीच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. गाडी सुरू करायची वेळ आली तेव्हा त्यांनी सवयीनं पत्र्यावर थाप मारली. शाकीबनं त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी स्वतःच्या सोयीनं सुरू केली.

पहिला तास जानरावांचा होता. मंडळातली सगळ्यांत तरुण बाई, पतपेढीत काम करणारी दामिनी, मानेला घालायची गोल उशी घेऊन बसली होती. जानराव मागं वळून म्हणाले, "मान तुटून राहिली का बाप्पा तुही?" बायका हसल्या. मूर्तिजापूर आलं, त्यांनी मूर्तिजापूरचं वाक्य सांगितलं. हसल्या. कुणी शेवेचा डबा उघडला, त्यावर ते बोलले. थोड्या हसल्या. पार्वताबाई खिडकीशी बसून बाहेरची हरभऱ्याची वावरं पाहत होत्या. त्यांनी ही सगळी वाक्यं आधी ऐकलेली होती, काही तर ती तयार होत असताना.

अमरावतीला आधी अंबादेवीचं दर्शन झालं आणि मग मंडळी वडाळीच्या बांबूच्या बागेत गेली. किती जातींचे बांबू असू शकतात हे त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. काही बोटाएवढे, काही मांडीएवढे जाड, एक पिवळाधमक आणि त्यावर कुणी ब्रशनं ओढल्यासारख्या हिरव्या रेघा. प्रत्येकापुढं नावाची पाटी. पार्वताबाई प्रत्येक पाटीपाशी थांबत, अक्षर अक्षर लावून नाव वाचत आणि मग बांबूला तळहात लावून पाहत. बाजारात कापडाचा पोत पाहावा तसा.

जानरावांना ते पाहून चीड आली. बायको चारचौघांत बांबू वाचते आहे.

"याच्यापरीस जाड बांबू आपल्या हिवरखेडात तिरडीले फुकट भेटते," ते मोठ्यानं म्हणाले.

कुणीतरी खुदकलं. एक म्हातारी बाई म्हणाली, "असं अभद्र नका बोलू भाऊ, फिराले आलो आपण."

मग जानरावांनी खिशातून घराच्या किल्ल्या काढल्या आणि त्या पिवळ्या बांबूवर ठक ठक वाजवल्या. "पाहा. पोकळ. एवढी मोठी बाग, अन् आतून सारी पोकळ."

बागेच्या वॉचमननं लांबूनच शिटी मारली. तो जवळ आला. "ओ काका, ठोकू नका झाडाले."

"मी यष्टीत कंडक्टर होतो," जानराव म्हणाले. याचा इथं काय संबंध, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण आयुष्यात अडचणीच्या वेळी हेच वाक्य त्यांच्या कामी आलं होतं.

"मंग गाडी ठोका न जाऊन," वॉचमन म्हणाला. "इथं झाडं हायेत."

बायका हसल्या. सकाळपासूनच्या सगळ्या हशांपेक्षा हा हशा मोठा होता. दामिनीला तर ठसका लागला. जानरावांनी पार्वताबाईंकडे पाहिलं. त्या हसल्या असत्या तर त्यांना राग आला असता, आणि राग कसा करायचा हे त्यांना येत होतं. पण त्या हसत नव्हत्या. रस्त्यात अनोळखी माणसांचं भांडण चालू असलं की आपण जसे बाजूनं निघून जातो, तशा त्या पुढच्या पाटीकडे निघून गेल्या होत्या.

संध्याकाळी छत्री तलावावर जानराव गाडीतून उतरले नाहीत. दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून बसले. का उतरत नाही असं कुणीतरी येऊन विचारेल, आणि मग तलाव म्हणजे काय ते आपण सांगू, एवढीच त्यांची अपेक्षा होती. वाक्य तयार होतं. कुणी आलं नाही. रात्री लॉजवर त्यांची खाट शाकीबच्या खोलीत होती. त्यालाच ते तलावाचं वाक्य सांगायला लागले, तर अर्ध्यातच त्याचं घोरणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी गाडी परतवाड्याला पोचली तेव्हा मात्र जानरावांच्या अंगात जीव आला. अकोला–परतवाडा ही त्यांची हक्काची फेरी. इथल्या स्टँडवर त्यांचे मुक्काम झालेले. "इथं माह्या नावानं चहा येत होता," ते म्हणाले, आणि चहासाठी गाडी मुद्दाम स्टँडजवळ थांबवायला लावली. कँटीनवर आता दुसराच माणूस होता. त्यानं त्यांना इतरांसारखाच कागदी पेला दिला.

परतवाडा मागं पडलं, शेतं संपली, रस्ता सागाच्या झाडांत शिरला आणि वर चढू लागला. इथून पुढं जानराव बोलायचे थांबले. सकाळपर्यंत त्यांना रस्त्यातला खड्डा न् खड्डा माहीत होता. आता वळण आलं की ते दांडी घट्ट धरत. मागं बायका खिडक्यांना नाकं लावून बसल्या होत्या. एका वळणावर झाडं बाजूला झाली आणि खालचा सगळा मुलूख, जिथून त्या आल्या होत्या तो, काळ्या-हिरव्या गोधडीसारखा पसरलेला दिसला. एक बाई हळूच 'माय माय' म्हणाली. जानराव समोरच्या काचेकडे पाहत राहिले.

वर पोचल्यावर एक फाटा आला. मोबाइलला रेंज नव्हती. शाकीब पहिल्यांदाच गाडी घेऊन आला होता. त्यानं विचारलं, "काका, तुमी तं शंभरदा आले. देवी पॉइंटले कोणत्या रस्त्यानं जाऊ?"

जानराव म्हणाले, "डावीकडे घे."

त्यांनी हे इतक्या ठामपणे सांगितलं की शाकीबनं विचारही केला नाही. डावीकडचा रस्ता दोन-चार घरांमधून खाली उतरला, मग कच्चा झाला, मग अरुंद झाला आणि एका गवळ्याच्या गोठ्यात जाऊन संपला. म्हशी बांधलेल्या होत्या. शेणाचे हात घेऊन एक बाई बाहेर आली आणि एवढ्या मोठ्या गाडीकडे पाहत उभी राहिली.

"इकडे रस्ता नाई," ती म्हणाली.

"पयले होता," जानराव म्हणाले.

"कवा? आमचा गोठा माह्या आजसासऱ्यापासून हाये इथं."

गजालाबाजींनी त्यांना एक वाट काढून दिली. "रस्ता बदलला असंल भाऊ. खूप दिवस झाले न तुमाले येऊन."

"हौ. बदलला," जानरावांनी ती लगेच धरली. "आता साराच बदलून टाकला यायनं."

तेव्हा मागच्या सीटवरून पार्वताबाई बोलल्या. आवाज चढवला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तेवढ्याच सुरात त्या म्हणाल्या, "तुमी इथं कदी आलेच नाई."

त्यांनी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

बाहेर म्हैस साखळी ओढत होती तो आवाज तेवढा येत होता. जानरावांच्या तोंडाशी डेपोतली कारणं येऊन गेली. वरची फेरी परतवाडा डेपोकडे होती. आपण स्टँडवरच थांबायचो, कँटीनमध्ये चहा पीत, आणि वरून उतरणाऱ्या प्रवाशांची तोंडं पाहायचो. ती तोंडं कधी थकलेली असत, कधी घाट लागून पांढरी पडलेली असत. तेवढ्यावरून वर काय असेल ते कळतच होतं की. पण हे सांगितलं तर कसं दिसेल हे समजण्याइतके ते अजून शुद्धीवर होते. शाकीबनं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. ती गवळण 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत हात हलवत होती.

देवी पॉइंट नंतर विचारत विचारत सापडला.

दुपारी सगळी मंडळी दरीच्या कडेवरच्या एका जागी आली. तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी दोर बांधला होता. कमरेला पट्टे आवळून, डोक्यावर टोपडं घालून, माणूस त्या दोरावरून दरीच्या एका कोपऱ्यावरून पलीकडे घसरत जाई. पोट्टे रांगेत उभे होते, ओरडत जात होते. जानरावांना इतक्या वेळानं बोलायला काहीतरी मिळालं.

"वावरात माकडं असे लटकतात तं आपण गोफण मारतो," ते म्हणाले. "इथं तिकीट काढून लटकतात."

कुणी हसलं नाही. कारण कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्या बायका पार्वताबाईंभोवती जमल्या होत्या आणि गजालाबाजी आपल्या पिशवीतून एक सलवार काढून त्यांच्या हातात देत होत्या. साडीच्या आत घालायला. म्हणजे हे अकोल्यातच ठरलं होतं. आठवडाभर आधी, कदाचित त्याहूनही आधी. आपण घरात बसून पेपर वाचत होतो तेव्हा आपल्या बायकोनं दरीवरून जायचं ठरवलं होतं आणि शेजारणीकडून सलवार मागून ठेवली होती, हे जानरावांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

ते पुढं झाले. "येडी झाली काय? वय पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"काई झालं तं मी उचलणार नाई. सांगून ठेवतो."

"नका उचलू," पार्वताबाई म्हणाल्या आणि पट्टे बांधणाऱ्या पोराकडे वळल्या. त्यानं बी.पी. आहे का, हृदयाचं काही आहे का, असं विचारलं. नाही म्हणाल्या. त्यानं पदर आवळून बांधायला सांगितला. त्यांनी तो कापूस वेचायला जाताना बांधत तसा कमरेला खोचून पक्का केला. टोपडं डोक्यावर आल्यावर त्यांचं तोंड एकदम लहान दिसायला लागलं. जानराव कठड्याला धरून उभे राहिले. त्या किंचाळतील याची ते वाट पाहत होते. किंचाळल्या की पुढची दोन वर्षं टपरीवर सांगता येईल असं काहीतरी हातात येणार होतं.

पोरानं हात सोडला. दोर गुणगुणला. पार्वताबाई निघाल्या, हात वरच्या पट्ट्याला, पाय जुळवलेले. वाऱ्यानं साडीचा घोळ फडफडत होता. त्या ओरडल्या नाहीत. मध्यावर गेल्यावर त्यांनी एक हात सोडला, खाली वाकून पाहिल्यासारखं केलं, आणि मग पलीकडच्या झाडांत दिसेनाशा झाल्या. गजालाबाजींनी टाळ्या वाजवल्या. दामिनीनं सगळं मोबाइलमध्ये घेतलं होतं.

पलीकडून पायवाटेनं परत यायला बराच वेळ लागे. त्या आल्या तेव्हा तोंड लाल झालेलं होतं आणि केस सुटलेले होते. बायकांनी त्यांना घेरलं. त्या बोलत होत्या; हातानं काहीतरी दाखवत होत्या, झाडांचे शेंडे, पाखरं, खाली कुठं तरी वाहणारं पाणी. इतकं सलग बोलताना जानरावांनी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते जवळ गेले. ते जवळ गेल्याबरोबर त्या बोलायच्या थांबल्या.

"काय दिसलं?" जानरावांनी विचारलं. एखाद्या जागेबद्दल त्यांनी कुणाला असं विचारण्याची ही पहिलीच वेळ असावी.

पार्वताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. डब्यात उरलेलं शिळं टाकायचं की ठेवायचं, असा विचार करताना त्या जसं पाहत, तसं ते पाहणं होतं.

"तुमाले सांगून काय फायदा," त्या म्हणाल्या, आणि बायकांसोबत रबडी खायला गेल्या.

परतीच्या वाटेवर जानराव मागच्या सीटवर बसले. पुढं दामिनी बसली होती, तिची ती गोल उशी घेऊन. अचलपूर ओलांडताना त्यांनी अचलपूरचं वाक्य सांगून पाहिलं. शेजारच्या म्हातारीला झोप लागली होती.

घरी आल्यावर भांडण झालं नाही. जानराव भांडणाला तयार होते; गोठ्यातली गोष्ट निघेल, खोटं बोलल्याचा हिशेब मागितला जाईल, मग आपणही सलवारीचं काढू, असं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. पार्वताबाईंनी काहीच काढलं नाही. वेळेवर चहा, वेळेवर भाकरी. जानराव टी.व्ही. पाहता पाहता एखाद्यावर काही बोलले तर त्या 'हौ' म्हणत आणि उठून आत जात. पूर्वी त्या निदान ओठांनी हसत. ते हसणं कधीपासून बंद झालं होतं आणि आपण बोलतच होतो, हे आठवायचा जानरावांनी प्रयत्न केला. त्यांना आठवेना.

त्या नरनाळ्याचा किल्ला पाहायला गेल्या. मग सेमाडोहला जंगल पाहायला गेल्या. कधी निघणार ते त्या आदल्या दिवशी सांगत, आणि परत आल्यावर काही सांगत नसत. नत्थुजीच्या टपरीवर जानराव म्हणत, "बुढी झाडं मोजाले गेली." लोक हसत, पण आता त्यात एखादा विचारी, "तुमी नाई गेले का?" ते त्यांना आवडत नसे. एकदा नत्थुजीच म्हणाला, "माही बायको बी जाऊ म्हणते गजालाबाजीसंगं. जाऊ देऊ का?" हा माणूस कालपर्यंत सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. जानरावांनी त्या दिवशी चहा अर्धा टाकला.

उन्हाळा लागायच्या आधी, पार्वताबाई चांदूरला हर्षाकडे गेल्या होत्या तेव्हा, जानराव सकाळच्या गाडीनं परतवाड्याला गेले आणि तिथून चिखलदऱ्याच्या गाडीत बसले. कंडक्टर एक तरुण पोरगी होती. तिनं तिकीट दिलं, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती घंटी कशी मारते, सुटे पैसे कसे ठेवते, दारात कशी उभी राहते, सगळं चुकीचं होतं. त्यांनी शेजाऱ्याला तसं सांगितलं. शेजारी कानात वायर घालून बसला होता.

एकदा जाऊन यायचं, डोळ्यांनी पाहायचं, म्हणजे मग आपण म्हणतो ते कुणाला खोडून काढता येणार नाही, असा त्यांचा बेत होता. ते त्याच कठड्यापाशी जाऊन बसले. आडवार होता, दोर बंद होता, मक्याची कणसं भाजणारी एक बाई आणि दोन कुत्री एवढीच वस्ती. दरीत ऊन होतं. वाळलेल्या गवताचा पिवळा उतार, त्यात मधूनच एखादं पळसाचं झाड पेटलेलं, आणि खूप खाली एक घार संथ फिरत होती. घारीची पाठ जानराव आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. ती वरून तपकिरी, मऊ दिसत होती.

ते दुपारभर बसले. कणीस खाल्लं. मनात वाक्य जुळवत होते, पण प्रत्येक वेळी सुरुवात होई आणि पुढं काही येत नसे. चहा पिऊन, बशी ठेवून, ज्यावर लोक हसतील असं काही त्या उतारावर त्यांना सापडेना. शेवटची गाडी निघायची वेळ झाली तेव्हा ते चिडूनच उठले. कुणावर ते त्यांना सांगता आलं नसतं. मागं कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं, त्यांनी वळून पाहिलं नाही.

दोन दिवसांनी पार्वताबाई चांदूरहून आल्या. जेवताना त्यांनी विचारलं, "घरी होते न?"

"परतवाड्याले गेलतो," जानराव म्हणाले. "जुन्या ड्रायव्हरचं काम होतं."

"बरं," पार्वताबाई म्हणाल्या आणि वरण वाढलं.

जानरावांना सुटल्यासारखं वाटलं. कुणी विचारलं नाही, आपल्याला काही कबूल करावं लागलं नाही. टपरीवरही ते काही बोलले नाहीत. ती घार मात्र दोन-तीनदा डोळ्यांपुढं आली. ती कुणाला सांगावी हे त्यांना समजेना.

आठवड्यानं गजालाबाजी फाटकाशी भेटल्या. "भाऊ, त्या दिवशी शाकीबनं तुमाले वरती पाह्यलं, चिखलदऱ्याले. पुण्याचे पाहुणे घेऊन गेलता तो. हाक बी मारली, तुमी ऐकलं नाई."

जानराव काही वेळ फाटकाची कडी चाचपत राहिले. मग म्हणाले, "घरी सांगू नका."

"घरी?" गजालाबाजी म्हणाल्या. "मी तं त्याच दिवशी पार्वताताईले फोनवर सांगतलं. तुमाले काई बोलल्या नाई का त्या?"

घरात पार्वताबाई पलंगावर सलवारीचे पाय उसवून उंची कमी करत बसल्या होत्या. आता त्यांनी स्वतःची शिवून घेतली होती. जानराव दारात उभे राहिले. पार्वताबाईंनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि वर न पाहता म्हणाल्या, "उजेड सोडा न जरा."

जानराव बाजूला झाले.